टंकबहादूरची ठळक अक्षरं

टंकबहादूर घर्तीचं अक्षर सुंदर होतं, आणि त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी भीती त्या अक्षरामुळंच आली.

नेपाळातल्या रोल्पाच्या डोंगरात त्याचं गाव. बंडखोरांची लढाई तिथं नुकती पेटली होती. एका दुपारी बंदुका घेतलेली माणसं शाळेत आली, गुरुजींना बाजूला उभं केलं आणि लाल रंगाचा डबा टंकच्या हातात दिला. त्यांनी सांगितलं ते त्यानं शाळेच्या भिंतीवर लिहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. अक्षर मुद्दाम वाईट काढता आलं असतं, पण हाताला ते जमलं नाही. लांबूनसुद्धा डोळ्यांत भरेल असं वळणदार, एका उंचीचं लिखाण झालं.

बंडखोर गेले आणि पोलीस आले. हे कुणाचं अक्षर, म्हणून त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींना ठाऊक होतं, तरी ते बोलले नाहीत. त्यांना घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना खडूसुद्धा धरता येत नव्हता. टंकच्या आईनं त्याच दिवशी भाजलेला मका फडक्यात बांधला आणि पोराला भारताच्या वाटेला लावलं. जाताना तो गुरुजींच्या दारावरून गेला, पण आत गेला नाही. त्यांना तोंड कसं दाखवावं, हे त्याला कळेना.

त्याचे मामा बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत राखणदार होते. मामांच्या खोलीत राहून टंक फाउंड्रीच्या गेटावर उभा राहू लागला. इथं सगळे त्याला बहादूर म्हणत. मामांनाही बहादूर, त्यालाही बहादूर. कामाच्या सुट्टीत तो बेळगावच्या खासबाग भागात जाई आणि दुकानांच्या पाट्या बघत फिरे. मराठी पाट्या त्याला वाचता येत, कारण लिपी एकच. पण काही अक्षरं वेगळ्या वळणाची होती. इथला ल वेगळा, श वेगळा. शेजारच्या कन्नड पाट्यांवरची गोल अक्षरं तर त्याला डोंगरातल्या ओढ्यातल्या गोट्यांसारखी वाटत. ती वाचता येत नसत, तरी तो बघत राही.

असाच एकदा तो आण्णाप्पांच्या छापखान्याच्या दारात उभा राहिला. आण्णाप्पा म्हणजे खासबागेतला जुना मुद्रक. निपाणीच्या विड्यांची लेबलं आणि बेळगावच्या लग्नपत्रिका हे त्यांचं काम. आत शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, जुळवून मजकूर बसवायचं काम चालू होतं. जुळवणारा नवीन होता आणि ‘दुसऱ्या’ या शब्दावर अडला होता. त्यानं रफार देऊन ‘दुसर्या’ असं बसवलं होतं.

दारातनं टंक म्हणाला, “चूक हो. हा र असा नाही. आडवा, पापणीवाला पाहिजे.”

आण्णाप्पांनी चष्म्यावरनं बघितलं. “तुला कसं रं ठावं? उत्तरेकडनं आलेल्यांना ह्यो र म्हाईतच नसतोय.”

“आमच्यात पण आहे. ‘केलं’ला आम्ही ‘गऱ्यो’ लिहितो.”

“नाव काय?”

“टंक.”

आण्णाप्पा खो खो हसले. “आरं, मराठीत टंक म्हणजे छापायचं अक्षर! तू फाउंड्रीत काय करतोयस?”

तो पुढच्या आठवड्यापासून छापखान्यात कामाला लागला. आण्णाप्पांनी त्याला कन्नडही शिकवलं. आधी खिळ्यांवरनं, मग कागदावर, मग बोलायला. छापखान्यात शिशाची जागा संगणकानं घेतली, तेव्हा तेही तो शिकला. पुढं आण्णाप्पांचं वय झालं. त्यांनी यंत्रं विकली आणि रस्त्याकडचा काचेचा गाळा त्याला चालवायला दिला. पाट्या, पत्रिका, लेबलं. वडगावच्या विणकरांच्या घरातली मनिषा साड्यांच्या खोक्यांवरची छपाई करून घ्यायला यायची. तिच्याशी त्याचं लग्न झालं तेव्हा वडगावात थोडी कुरबुर झाली. मग ती थांबली. मुलगी झाली, तिचं नाव प्रियदर्शनी. आता ती कॉलेजात होती आणि बापापेक्षा संगणक जास्त जाणत होती.

एक गोष्ट मात्र टंकला वर्षानुवर्षं खुपत होती. एकाच पाटीवर कन्नड आणि मराठी लिहिलेलं असे, पण दोन्ही लिप्या दोन वेगळ्या हातांच्या. एक लठ्ठ, एक किडकिडीत. एक वरनं ओरडणारी, दुसरी खालनं डोळे वटारणारी. कुणाचं मोठं आणि कुणाचं लहान, यावरनं गावात वाद पेटत. त्याला वाटे, दोन्ही लिप्या एकाच हातानं काढल्या तर शेजारी शेजारी गुण्यानं बसतील. रेघेची जाडी एक, वळणाचा ताल एक. तो संध्याकाळी कागदावर अक्षरं काढत बसे. प्रियदर्शनी मोठी झाल्यावर ती अक्षरं संगणकात उतरवू लागली. असा तो फाँट तयार झाला. त्याचं नाव त्यांनी ‘सोबत’ ठेवलं आणि कुणालाही वापरता यावा म्हणून इंटरनेटवर मोकळा सोडला.

तो भराभर पसरला. देवळांच्या फलकांवर, दातांच्या दवाखान्यांवर, जांबोटीच्या एसटी थांब्यापाशी मधाच्या बाटल्यांवर. मनिषा बाजारातनं येताना सांगायची, “आज अमक्या दुकानावर तुमचं अक्षर बघितलं.” हातातली भाजी खाली ठेवायच्या आधी सांगायची. ते दिवस चांगले होते.

मग एका दुपारी रविराज नावाचा माणूस गाळ्यात आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हळू आवाज. त्यानं आधी कन्नडमधून नमस्कार केला आणि मग मराठीतून बोलू लागला. दोन्ही भाषा त्याच्या तोंडात सारख्याच सहज होत्या. तो कुठला, हे बोलण्यावरनं कळेना.

“तुमचा फाँट लई आवडला,” तो म्हणाला. “फक्त एक कमी आहे. जाड अक्षर नाही. लांबून वाचता आलं पाहिजे. गाडीवरनं जाणाऱ्यालाही.”

“ठळक करतोयच,” टंक खुशीत म्हणाला. “दोन्ही लिप्यांत. अजून कच्चा आहे. तपासायचा राहिलाय.”

“कच्चा चालेल की. आम्हाला घाई आहे.”

“कशासाठी पाहिजे?”

“समाजासाठी,” रविराज म्हणाला आणि खिशातनं पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

टंकनं कच्चा फाँट त्यात भरून दिला. आपलं काम कुणाला तरी इतकं हवं आहे, याचाच त्याला आनंद झाला होता. जाताना रविराज दारात थांबला. “मुलगी मदत करते ना तुम्हाला? प्रियदर्शनी. हुशार आहे म्हणे. कॉलेजची बस इथंच कोपऱ्यावर थांबते, नाही का?”

तो गेला. मुलीचं नाव टंकनं सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्यानं ठळक फाँट तपासला, तेव्हा एक चूक सापडली. उद्गारचिन्हाच्या दांडीखालचा टिंब मधोमध नव्हता, किंचित डावीकडं सरकला होता. हे चिन्ह मराठी आणि कन्नड दोन्हीला सामाईक होतं. त्यानं ते दुरुस्त केलं आणि मग फाँट सगळ्यांसाठी मोकळा केला. वाकड्या टिंबाची प्रत फक्त रविराजकडं राहिली. तेव्हा त्यानं त्याचा विचारही केला नाही.

पोस्टर पहिल्यांदा दिसलं ते भाजी बाजाराच्या भिंतीवर. सकाळी तो दूध घेऊन येत होता. लांबनं त्याला आपली अक्षरं दिसली आणि नेहमीसारखं बरं वाटलं. जवळ गेल्यावर त्यानं वाचलं: ‘पाटी बदलणाऱ्यांची घरं आम्हाला माहीत आहेत!’ खाली नाव नव्हतं, गाव नव्हतं. भोवती माणसं जमली होती. पापणीवाला र त्यानं किती प्रेमानं काढला होता. तो आता त्या ओळीत काळा, जाड, भिंतीला चिकटून बसला होता.

लगेच कन्नडमधून जबाब आला. दुसऱ्या गल्लीत, तेवढाच मोठा. ‘आमची पाटी पुसणाऱ्यांचे हात आम्ही ओळखतो!’ असा त्याचा अर्थ. तीच अक्षरांची जाडी, तोच ताल. मग हे रोजचंच झालं. शहापुरात एक, वडगावात एक, मच्छ्याच्या कारखान्यांच्या भिंतींवर एकासमोर एक. त्यानं दोन लिप्या शेजारी बसाव्या म्हणून काढल्या होत्या. आता त्या समोरासमोर उभ्या होत्या.

लोक त्याला ओळखत होते, तशी त्याची अक्षरंही. नेहमीची गिऱ्हाइकं गाळ्यासमोरनं मान खाली घालून जाऊ लागली. एकानं विचारलं, “कुणाकडनं घेतोस रं काम? दोन्हीकडनं?” वडगावात मनिषाच्या माहेरी कुणी तरी म्हणालं, बाहेरच्या माणसाला काय, आग लावायची आणि निघून जायचं. मनिषानं ते घरी येऊन सांगितलं नाही. प्रियदर्शनीनं सांगितलं.

मग महादेवचं झालं. महादेव म्हणजे शेजारच्या गाळ्यातला शिंपी, साधा माणूस. त्याची पाटी ‘सोबत’मध्येच होती. वर कन्नड, खाली मराठी, टंकनंच केलेली. भरदुपारी मोटारसायकलवरनं कुणी दगड मारला. पाटी फुटली आणि दगड आत जाऊन महादेवच्या कपाळाला लागला. टंक धावत गेला तेव्हा महादेव यंत्रावर वाकून बसला होता आणि शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कापडावर रक्त ठिबकत होतं.

“कुणी मारला?” टंकनं विचारलं.

“काय म्हाईत,” महादेव म्हणाला. “मराठी म्हणून मारला का कन्नड म्हणून, त्येबी कळलं न्हाय बघ.”

महादेवला दवाखान्यात पोचवून टंक परत आला, तेव्हा त्याच्या डोक्यात रोल्पाचे गुरुजी होते. त्या संध्याकाळी तो बाजारात गेला आणि निघत आलेलं एक मराठी पोस्टर भिंतीवरनं सोडवलं. पुढच्या गल्लीतलं कन्नडही सोडवलं. दोन्ही गाळ्यातल्या टेबलावर पसरली. तो अक्षरं बघत होता, चूक शोधत नव्हता. पण नजर गेलीच. मराठी ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह, त्याचा टिंब डावीकडं. कन्नड ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह. टिंब डावीकडं.

त्यानं दिव्याजवळ नेऊन पुन्हा बघितलं. मग दोन्ही कागद शेजारी धरून ताडून बघितले. दोन्ही पोस्टरं एकाच माणसाकडनं निघाली होती. भांडणाला दोन बाजू नव्हत्याच. कुणाला तरी भांडण हवं होतं.

सकाळी तो पोलीस ठाण्यात गेला. साहेबांनी ऐकून घेतलं, दोन्ही कागद उजेडात धरले. “टिंब?” ते म्हणाले. “या टिंबावरनं मी कुणाला धरू?”

“रविराज नावाचा माणूस. मी दिलाय त्याला.”

“आडनाव? पत्ता? फोन?”

टंककडं काहीच नव्हतं. साहेबांनी कागद परत दिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुम्ही मूळचे नेपाळचे ना? किती वर्षं झाली इथं? गाव सोडून कुठं जाऊ नका. लागलं तर बोलावू.”

तो आण्णाप्पांकडं गेला. म्हातारा आता घरातच असे. त्यांनी भिंग घेऊन दोन्ही टिंब पाहिले आणि कागद उलटे करून ठेवले.

“टंक्या, गप्प बस,” ते म्हणाले. “तुला कळलंय हे त्याला कळलं, तर?”

“एकदा गप्प बसलो आण्णा. माझ्या जागी दुसऱ्यानं मार खाल्ला.”

“तवा तू पोरगा हुतास.”

“आता माझी पोरगी आहे.”

घरी मनिषा ऐकायला तयार नव्हती. “आवं, तिच्यासाठीच म्हणत्ये मी! तो माणूस तिचं नाव घिऊन गेलाय. तुमी कशापायी पुढं हुताय? निपाणीला लेबलांचं काम हाय की. जाऊ तिकडं.”

“आणि महादेव?”

“म्हादेवला पोरगी न्हाय कॉलेजात.” एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली, कारण महादेवच्या बायकोला डबा तिनंच पोचवला होता.

प्रियदर्शनी दोन्ही पोस्टरं पुढ्यात घेऊन बसली होती. ती म्हणाली, “बाबा, पोलिसांना दिसत नाही ते लोकांना दिसेल. मोठं करून दाखवा.”

असं ते ठरलं. टंकनं गाळ्याच्या काचेला आतनं दोन्ही पोस्टरं शेजारी शेजारी लावली. दोन्ही टिंबांभोवती लाल गोल काढला. मध्ये ते चिन्ह ताटाएवढं मोठं करून लावलं आणि खाली दोन्ही भाषांत लिहिलं: ही चूक माझी आहे. ती एकाच माणसाकडं आहे. दोन्ही धमक्या त्याच्याच आहेत.

पहिल्या दिवशी लोक लांबनंच बघून गेले. दुसऱ्या दिवशी आण्णाप्पा रिक्षातनं आले. गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काठीनं दाखवू लागले. मराठीवाल्याला मराठीत, कन्नडवाल्याला कन्नडमधून. “बघ, ह्यो टिंब बघ. आता तुज्या गल्लीत जा आणि तिथला बघून ये.” माणसं खरंच जाऊन बघून येत. कपाळाला पट्टी बांधलेला महादेवही बाहेर येऊन उभा राहिला. पोरं मोबाइलवर फोटो काढून पाठवू लागली. कुणी तरी भिंतीवरच्या पोस्टरांवर लाल खडूनं गोल काढत सुटलं. धमकीवर गोल आला की ती वाचताना माणसाला हसू येई. आठवडाभरात नवी पोस्टरं यायची बंद झाली.

त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी रविराज आला. तोच पांढरा शर्ट. तो आत आला नाही. काचेच्या बाहेर हात मागं बांधून उभा राहिला आणि शाळेतल्या हुशार मुलासारखं सगळं नीट वाचलं. मोठ्या केलेल्या चिन्हापाशी वाकून त्यानं टिंब पाहिला. मग काचेतनं टंककडं बघून मान डोलावली, जशी कामाची दाद देताना डोलावतात. आण्णाप्पा खुर्चीत पेंगत होते. त्यांच्या काठीला पाय लागू न देता तो निघून गेला. टंक बाहेर आला तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं ठाण्यात फोन केला, तेव्हा बघतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडायला गेला तर कुलूप नीट लागलेलं होतं. किल्लीनं उघडलं. आत काही फुटलेलं नव्हतं, काही सांडलेलं नव्हतं. फक्त संगणक नव्हता. कपाटातले अक्षरांचे सगळे कागद नव्हते, ज्यांवर त्यानं वर्षानुवर्षं हात गिरवला होता तेही. काचेवरची पोस्टरं काढलेली होती आणि डिंकाचे डागसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून घेतलेले होते. काच इतकी लख्ख होती, की पलीकडनं जाणारा माणूस आत आल्यासारखा वाटे.

मनिषानं आता निपाणीचं नाव काढलं नाही. तीच म्हणाली, “कुटं कुटं जायचं?” टंकनं जुना संगणक आणला आणि पुन्हा पाट्या करू लागला. मुलीला बसपर्यंत तो स्वतः सोडायचा. पाऊस संपला, दिवाळी झाली. गाव शांत होतं. महादेवनं नवी पाटी लावली. माणसं टंकला रस्त्यात थांबवून बोलू लागली, आणि तो बोलताना त्यांच्या खांद्यावरनं मागं बघू लागला.

हिवाळ्यात विड्यांच्या लेबलांचं काम घेऊन तो निपाणीला गेला. काम झालं आणि परत जायला स्टँडवर आला. फलाटामागच्या भिंतीपाशी गर्दी होती. तो लांबच थांबला. ठळक अक्षरं, दोन पोस्टरं, एक मराठी, एक कन्नड, दोन्ही ताज्या डिंकानं ओली. या वेळी धमकी पाट्यांवरनं नव्हती. दिवस दिला होता, वार दिला होता, आणि त्या दिवशी कुणी कुठल्या रस्त्यानं जाऊ नये ते सांगितलं होतं.

तो माणसांतनं वाट काढत पुढं गेला. मराठी ओळीच्या शेवटचा टिंब पाहिला. मग कन्नडमधला. दोन्ही अगदी मधोमध होते. नुसते मधोमध नव्हते, मराठीतल्या दांडीचं टोक किंचित निमुळतं आणि कन्नडमधल्या दांडीचं किंचित गोल केलेलं होतं, दोन वेगळ्या हातांची वाटावीत म्हणून. ते त्याला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. चूक कुठं आहे ते त्यानंच काचेत लावून दाखवलं होतं. आता दोन्हींचा हात एकच, हे तो कुणाला कशावरनं सांगणार होता?

“दादा,” शेजारनं कुणी तरी म्हणालं. तंबाखूच्या वखारीत काम करणारी म्हातारी होती, मनुबाई. लुगड्याला तंबाखूचा वास, काखेत गाठोडं. “मला वाचाया येत न्हाय. काय ल्हिलंय?”

“वाचण्यासारखं काही नाही, मावशी.”

“मग यवढं मोठं कशापायी ल्हिलंय?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती खरंच विचारत होती. मग त्यानं वाचून दाखवलं, हळू, एकेक शब्द, वार आणि रस्त्याच्या नावासकट. म्हातारीनं गाठोडं एका काखेतनं दुसऱ्या काखेत घेतलं.

“त्याच रस्त्याला माझी लेक ऱ्हाती,” ती म्हणाली, आणि वखारीकडं न जाता उलट्या वाटेनं झपाझप चालू लागली.

बेळगावची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. टंकनं खिशातनं फोन काढला आणि तो वार, तो रस्ता सांगायला आधी प्रियदर्शनीला लावला.